पंथातली मुलं आणि सरकारची धाड: बव्हेरियातलं एक प्रकरण (आणि थोडं आपल्याकडचं)

डोनाऊकाठ
नमस्कार मंडळी. लेख वगैरे नाहीये हा, बरीच वर्षं मनात घोळणारं एक प्रकरण आहे, ते टाकते, तुम्ही भर घाला.

मी जर्मनीत बव्हेरियात राहते, न्योर्डलिंगनपासून गाडीने अर्ध्या तासावर. २०११ ला इथे आले तेव्हा शनिवारच्या बाजारात एक ब्रेडचा स्टॉल असायचा. दाढीवाले, केस मागे बांधलेले पुरुष, डोक्याला फडकं बांधलेल्या बायका, सगळं घरचं आणि सेंद्रिय, ब्रेड एकदम फर्स्टक्लास. आणि सोबत मुलं. त्या मुलांचं मला भयंकर कौतुक वाटायचं कारण माझा चार वर्षांचा चिरंजीव बाजारात मधोमध फतकल मारून भोकाड पसरायचा आणि ही तेवढीच मुलं बाकड्यावर मांडीवर हात ठेवून गप्प. आईने एकदा हाक मारली की उठलीच. मी घरी येऊन नवऱ्याला म्हटलं सुद्धा, बघ याला म्हणतात वळण.

५ सप्टेंबर २०१३ ला पहाटे जवळजवळ शंभर पोलीस आणि युगेंडआम्टची (म्हणजे इथलं बालकल्याण खातं) माणसं क्लोस्टरत्सिमर्न आणि व्योर्नित्स या दोन ठिकाणी गेली आणि ४० मुलं ताब्यात घेतली. संध्याकाळी टीव्हीवर बघते तर तीच फडकी, त्याच दाढ्या.

पंथाचं नाव 'ट्वेल्व्ह ट्राइब्ज', आपल्या मराठी बायबलच्या भाषेत बारा वंश. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत टेनेसीतल्या चॅटनूगात जीन स्प्रिग्ज नावाच्या माणसाने काढला. पंथात गेलं की घरदार पैसा सगळं सामायिक, हिब्रू नाव घ्यायचं, मुलं शाळेत नाहीत, आणि मुलाने पहिल्या हाकेला ऐकलं नाही की छडी. रागाच्या भरात नाही हं. शांतपणे, प्रेमाने, नियम म्हणून. पातळ लवचिक काठी, आणि ती मारायचा हक्क आईबापांनाच नाही तर समूहातल्या इतर मोठ्यांनाही.

हे बाहेर कसं आलं तर आरटीएल चॅनलचा वोल्फ्राम कूनिक हा पत्रकार पंथात यायचंय असं सांगून आत राहिला आणि छुपे कॅमेरे लावले. पन्नासच्या आसपास मारहाणीचे प्रसंग सापडले त्यात. एक मी बघितलाय आणि परत बघणार नाही. तळघर आहे, एक बाई लहान मुलाला सांगतेय 'मी दमलोय असं म्हण'. तो म्हणत नाही. छडी. परत 'म्हण'. परत छडी. आवाज चढत नाही बाईचा, ते जास्त भयानक आहे.

पालक थेट युरोपच्या मानवी हक्क न्यायालयापर्यंत गेले. २२ मार्च २०१८ ला दोन प्रकरणांत मिळून चार कुटुंबांचा निकाल लागला, एकमताने: जर्मनीने कुटुंबाच्या हक्काचा भंग केलेला नाही. मुलांना पद्धतशीर आणि नेमाने छडी बसणार हे ठरलेलंच होतं, आईबाप ते थांबवायला तयार नव्हते, आणि दुसरा सौम्य उपाय का चालला नसता हे जर्मन न्यायालयांनी प्रत्येक ठिकाणी कारणांसकट लिहिलं होतं.

आता माझा प्रश्न. मला हे बरोबर वाटतं. पण ४० मुलं पहाटे उठवून गाडीत घालणं हे डोळ्यासमोर आणलं की पोटात गोळा येतो. तुम्हाला काय वाटतं?

तिखटमीठ
युगेंडआम्टचं कौतुक कृपया नको. बर्लिनमधल्या त्या भारतीय जोडप्याची सात महिन्यांची मुलगी २०२१ ला नेली ती नेलीच. १९ पक्षांच्या ५९ खासदारांनी जर्मन राजदूताला पत्र लिहिलं २०२३ ला, आपल्याकडे १९ पक्ष कधी एका कागदावर सही करतात का सांगा, तरी उपयोग शून्य. त्याआधी नॉर्वेत भारतीय जोडप्याची दोन मुलं नेली ते प्रकरण. या लोकांना हाताने भरवणंसुद्धा गुन्हा वाटतो. उद्या कोणी म्हणेल मुंजीत पोराचे केस कापले, घ्या ताब्यात.

आणि छडीचं म्हणाल तर आमच्या पिढीतल्या कोणी खाल्ली नाही हात वर करा. आमची आई लाटणं, झाडू, जे हाताला लागेल ते. मेलो का?

मृण्मयी_प
>> मेलो का?

हे वाक्य माझ्या नवऱ्याच्या घरी पण फेमस आहे. मेलो नाही, पण चाळिशीत बाबांचा फोन आला की अजून उभं राहून बोलतो तो.

डोनाऊकाठ
@तिखटमीठ, बर्लिनच्या प्रकरणात मलाही प्रश्न आहेत, भाषा, संस्कृती, सगळंच. पण तुझ्या आईचं लाटणं आणि हे यात एक फरक आहे बघ. तुझी आई चिडायची, मारायची, मग रात्री तेल लावून द्यायची, शेजारच्या काकू मध्ये पडायच्या, आजी पदराखाली घ्यायची. इथे मध्ये पडणारं कोणी नाहीच. आजी, काकू, मास्तर सगळे त्याच पंथातले आणि सगळ्यांच्या हातात छडी. मूल पळून जाईल कुठे, शाळा पण आतच.

शाळेचं राहिलंच. जर्मनीत घरी शिकवायला परवानगी नाही. त्यावरून २००४ मध्ये पंथातल्या काही बापांना तुरुंगात सुद्धा टाकलं होतं. मग तोडगा म्हणून २००६ पासून क्लोस्टरत्सिमर्नच्या आतच खासगी शाळेला परवानगी दिली, देखरेख सरकारची. ती २०१३ च्या उन्हाळ्यात बंद केली, नीट शिकलेला शिक्षक नाही म्हणून. म्हणजे सात वर्षं सरकारी माणसं त्या आवारात येत-जात होती आणि तळघर कोणाला दिसलं नाही, एका टीव्हीवाल्याला दिसलं.

टेक्सासतात्या
आमच्याकडची गोष्ट सांगतो. मी २००६ पासून ऑस्टिनला. एप्रिल २००८ मध्ये एल्डोराडो नावाच्या आडगावात 'यर्निंग फॉर झायॉन' रँचवर धाड पडली, एफएलडीएस पंथ, मॉर्मनांतून फुटून निघालेले, बहुपत्नीत्ववाले. ऑफिसात तीन आठवडे दुसरा विषय नव्हता. बायका त्या पायघोळ फिक्या रंगाच्या झग्यात, केसांचा समोर फुगा. चारशेच्या वर मुलं उचलली, ४३९ हा आकडा नंतर पक्का झाला कारण आधी ज्यांना अल्पवयीन धरलं त्यातल्या २६ जणी सज्ञान निघाल्या! आधी एका जुन्या किल्ल्यात ठेवलं, मग सॅन अँजेलोच्या स्टेडियममध्ये, आणि मग आयांपासून तोडून राज्यभर पांगवली.

आता गंमत बघा. धाड पडली कशावरून, तर १६ वर्षांच्या मुलीचा फोन आला हेल्पलाइनला की मला इथे मारतात, वाचवा. ती मुलगी सापडलीच नाही. फोनचा माग कोलोरॅडोतल्या ३३ वर्षांच्या एका बाईपर्यंत गेला जिचा पंथाशी काडीचा संबंध नव्हता.

मेच्या शेवटी, २९ तारखेला, टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, मुलं परत करा. कारण? सरकारने अख्खा रँच म्हणजे एकच घर असं धरून सगळ्यांना एकाच दोरीत बांधलं. पाच वर्षांच्या मुलग्याला आज, आत्ता काय धोका आहे हे एकेकाचं सांगा ना. नाही सांगता आलं.

आता म्हणाल पंथ निर्दोष होता. अजिबात नाही. त्या धाडीत मंदिराच्या तिजोरीतून कागदपत्रं मिळाली त्यावरूनच पुढे खटले चालले. राज्याच्या अहवालात १२ मुली अशा निघाल्या ज्यांचं १२ ते १५ वयात 'आध्यात्मिक लग्न' लावलेलं. गुरू वॉरन जेफ्स २०११ ला दोषी ठरला, जन्मठेप अधिक २० वर्षं. म्हणजे सरकारचा संशय खरा होता आणि तरी सरकार मुलांच्या केसमध्ये तोंडावर आपटलं. दोन्ही एकदम खरं.

अर्धवकील
तात्यांनी मुद्द्याला हात घातला. संशय खरा असणं आणि एकेका मुलाबद्दल पुरावा असणं या दोन गोष्टी आहेत. मी प्रॅक्टिस सोडून दहा वर्षं झाली तेव्हा जुन्या सवयीने बोलतोय, चुकलं तर कान धरा.

यातलं सगळ्यात बोलकं उदाहरण डोनाऊकाठ यांच्याच पंथाचं आहे. हाच बारा वंश, तेव्हा नाव वेगळं होतं, अमेरिकेत व्हर्माँट राज्यात आयलंड पाँड म्हणून गाव. २२ जून १९८४ ला पहाटे नव्वदेक पोलीस आणि समाजसेवक गेले आणि ११२ मुलं बसमध्ये घालून कोर्टात आणली. जज्ज फ्रँक महेडी. त्यांनी त्याच दिवशी मुलं घरी पाठवली. सरकारकडे वॉरंट होतं ते सरसकट, कुठल्या मुलाला कोणी कधी मारलं याचा पत्ता नाही.

तीच छडी, तोच ग्रंथ, तोच गुरू. १९८४ ला सरकार हरलं आणि २०१३ ला टिकलं. फरक एवढाच की जर्मन कोर्टाकडे चित्रण होतं, मुलांशी बोलले, तज्ज्ञ नेमले, आईबापांना विचारलं की थांबवाल का, ते नाही म्हणाले, आणि प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आदेश काढला. रटाळ काम आहे हे. त्याची बातमी होत नाही. पण टिकतं तेच.

आणि हरलेली धाड फार महाग पडते. ॲरिझोनात शॉर्ट क्रीकला २६ जुलै १९५३ ला अशीच धाड घातली होती, २६३ मुलं, एफएलडीएसचेच पूर्वज म्हणा. गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांना वाटलं लोक डोक्यावर घेतील. पेपरात आयांच्या कडेवरून मुलं ओढून घेतल्याचे फोटो आले आणि पाइल पुढच्या वर्षी निवडणूक हरले. त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षं कोणी राजकारणी त्या गावाकडे फिरकला नाही. या पन्नास वर्षांत ज्या पोरींची लग्नं लागली त्या कोणाच्या खात्यावर मांडायच्या?

पानपट्टी
मी फक्त वाचायला आलो होतो पण एक शंका. धर्मस्वातंत्र्याचं काय मग? आज छोटा पंथ आहे म्हणून धाड घालता, मोठ्या धर्माच्या मोठ्या बाबाला हात लावाल का? मतं असतात तिकडे.

अर्धवकील
आपल्या घटनेचं कलम २५ बघा, पहिल्याच ओळीत आहे की हे स्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य याला बांधील आहे. अमेरिकेत १९४४ च्या प्रिन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आईबापांना स्वतः हुतात्मा व्हायचं तर व्हा, पोरांना हुतात्मा करायचा हक्क नाही. आणि त्याच न्यायालयाने १९७२ मध्ये आमिश नावाच्या ख्रिस्ती पंथातल्या लोकांना आठवीनंतर मुलं शाळेतून काढायला परवानगी दिली. म्हणजे पंथ वेगळा आहे, कपडे विचित्र आहेत, टीव्ही बघत नाहीत म्हणून काही करता येत नाही. इजा हवी. समोर, दाखवता येईल अशी.

मोठ्या बाबाचं म्हणाल तर आसाराम. २०१३ च्या ऑगस्टमधला गुन्हा, ३१ ऑगस्टच्या रात्री अटक, २०१८ ला जोधपूर कोर्टाने अल्पवयीन मुलीवरच्या बलात्कारात जन्मठेप दिली. मुलीचे आईबाप भक्त होते आणि ती त्यांच्याच गुरुकुलात शिकत होती. पण नीट बघा, तिथे सरकार गेलं नाही, मुलगी बोलली आणि बाप ठाम उभा राहिला म्हणून झालं. बाप भक्तच राहिला असता तर?

जुनाखांब
अवांतर आहे पण तारखा बघा. २० ऑगस्ट २०१३ पुण्यात ओंकारेश्वर पुलावर दाभोलकरांचा खून. चार-पाच दिवसांत जादूटोणाविरोधी वटहुकूम, जो अठरा वर्षं नुसता लटकत होता. ३१ ऑगस्ट आसाराम. ५ सप्टेंबर तिकडे बव्हेरिया. सोळा दिवसांत सगळं.

आमच्या कायद्यात सहा महिने ते सात वर्षं शिक्षा आहे, दक्षता अधिकारी म्हणून पोलीस निरीक्षक नेमायचा आहे. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शाखेचं काम केलंय बरीच वर्षं. तक्रार कोण करणार हाच प्रश्न. बाबाकडे नेणारे आईबापच असतात. मुलाच्या पाठीवर चटके दिसले तरी शेजारी म्हणतात त्यांचं त्यांना.

गडहिंग्लजकर
आमच्या भागाचं कोणीच बोललं नाही म्हणून. मी शिक्षक होतो, आता निवृत्त. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली सोडण्याची चाल आमच्या सीमाभागात किती खोल होती हे पुण्या-मुंबईच्या माणसाला कळायचं नाही. पंथ वगैरे नाही, गुरू नाही, आवार नाही, कुंपण नाही. धाड घालणार कुठे? पोरीच्या डोक्यात जट आली, देवीचं बोलावणं आलं, की लाल-पांढऱ्या मण्यांचं दर्शन (म्हणजे माळ) गळ्यात. संपलं.

कायदे झाले हो. मुंबई इलाख्याचा १९३४ चा, कर्नाटकचा १९८२ चा, आपला २००५ चा. परिणाम काय झाला तर देवळात उघड होणारं घरात रात्री व्हायला लागलं.

माझ्या वर्गात सातवीला एक मुलगी होती. डोक्यावर कायम स्कार्फ, उन्हाळ्यात सुद्धा. एक दिवस पीटीच्या तासाला स्कार्फ सुटला, आत जट, मनगटाएवढी. पोरं हसली नाहीत, घाबरून मागे सरकली, हे माझ्या ध्यानात राहिलं. मी घरी गेलो तर आई म्हणाली गुरुजी, कापली तर घरात माणूस मरंल. मी भाषण दिलं नाही. शाम्पू, खोबरेल तेल आणि फणी घेऊन एक कार्यकर्त्या बाई आल्या, तीन तास बसून एकेक बट सोडवली, खालचं सुटेना तेवढंच कापलं. आई दारात बसून होती, आता कोण मरतंय ते बघत. कोणी मेलं नाही. मुलगी दहावी झाली. ही एक. बाकीच्या किती माझ्या वर्गातून आठवीला आल्याच नाहीत.

मला म्हणायचंय की पोलीस पाठवून ती मुलगी नेली असती तर पुढच्या घरातल्या पोरीचा स्कार्फ मला कधी दिसलाच नसता, ती शाळेतच आली नसती.

तिखटमीठ
गुरुजी, हे आवडलं. हेच म्हणतोय मी. समजावून.

मृण्मयी_प
पण गुरुजी, ती तुमच्या वर्गात येत होती. डोनाऊकाठच्या पंथातली मुलं कुठल्याच वर्गात येत नव्हती. समजवायला दार तरी उघडं पाहिजे ना.

आणि समजावायला वेळ दिला की हे लोक निघून जातात. लेव ताहोर नावाचा कट्टर ज्यू पंथ आहे, बायका नखशिखांत काळ्या कपड्यात. कॅनडात क्यूबेकला बालकल्याणवाल्यांनी चौकशी लावली तर २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये एका रात्रीत बस भरून दोनशेच्या आसपास माणसं ओंटारिओत. कोर्टाने १४ मुलं ताब्यात घ्या म्हटलं तेव्हा मुलं क्यूबेकमध्ये नव्हतीच. मग २०१४ ला त्यातले बरेच ग्वाटेमालाला. तिथे शेवटी २०२४ च्या डिसेंबरात १६० मुलं काढली, म्हणजे अकरा वर्षांनी. २०१३ ला जी पाच वर्षांची होती ती सोळाची झाली ना तोवर.

डोनाऊकाठ
इथलेही गेले. धाडीनंतरच्या काही वर्षांत उरलेले झेक प्रजासत्ताकात, तिथे आईबापांनी छडी मारण्यावर तेव्हा जर्मनीसारखी बंदी नव्हती. जर्मनीत २००० पासून मुलाला मारहाणीशिवाय वाढण्याचा हक्कच आहे कायद्यात. क्लोस्टरत्सिमर्न आता शांत आहे, मी मागच्या वर्षी सायकलने गेले होते, जुन्या मठाची भिंत आणि शेत.

आणि सगळी मुलं 'सुटली' असंही नाही. मोठ्यातली काही आपणहून परत गेली. २०२१ मध्ये सांभाळायला दिलेल्या दुसऱ्या कुटुंबात वाढणारी एक ११ वर्षांची मुलगी धावायला म्हणून बाहेर पडली ती परत आली नाही, शोधाशोध, हेलिकॉप्टर, नंतर कळलं जन्मदात्या आईबापांकडे आहे. आठ वर्षं ती बाहेर होती. म्हणजे तीन वर्षांची असताना काढलेली. काय बोलणार.

अर्धवकील
आपल्याकडचं यंत्र कसं चालतं ते दोन ओळीत, कोणाला कामाला आलं तर. जिल्ह्याला बालकल्याण समिती असते, अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक बाई. मूल ताब्यात घेतलं की २४ तासांत समितीपुढे आणायचं. २०१५ च्या बालन्याय कायद्यात कलम ७५, मुलाशी क्रूरता, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. लैंगिक असेल तर पोक्सो, आणि तिथे माहीत असून न कळवणं हाच गुन्हा. १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर सगळ्यांना पाठ पाहिजे. शाळेत मारायला बंदी आहे, पण घरी आईबापांनी मारण्याला स्पष्ट बंदी आपल्याकडे नाही. म्हणजे बव्हेरियासारखं 'छडी मारतात' एवढ्यावर आपल्याकडे उभं राहणार नाही.

निमूट
आयडी नवीन काढलाय, खरं तर यासाठीच काढलाय. जागा आणि महाराज सांगणार नाही, विचारू नका, आई अजून जाते तिकडे.

मी सहा वर्षांचा असताना बाबांनी धंद्यात मार खाल्ला आणि कोणीतरी महाराजांकडे नेलं. वर्षाच्या आत शेती मठाला आणि आम्ही दोघं भाऊ 'सेवेत'. आम्ही तिसाच्या वर मुलं होतो. पहाटे साडेतीनला उठायचं, मौन नऊपर्यंत. बोललं की हौदात उभं करायचे, थंडीत, छातीपर्यंत पाणी. मारायचे नाहीत. खरंच कधी कोणी मारलं नाही मला. त्यामुळे वर ते 'छडीचा पुरावा' वाचून वाटलं आमच्याकडे कॅमेरा लावला असता तर काय दिसलं असतं, पाण्यात उभी मुलं, हात जोडलेली. भक्तिभाव वाटला असता कोणालाही.

गावच्या शाळेत आमची नावं होती, पटावर. शाळेला तुकडी टिकवायला मुलं हवी होती आणि मठाला कागद. मी त्या शाळेत तीन वर्षांत बहुतेक पाच वेळा गेलो असेन.

२०११ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती गुरुजींना आठवत असेल, तीन दिवस, एक मूल दोन शाळांत मोजलं जाऊ नये म्हणून बोटाला शाई लावत होते मतदानासारखी. आम्हाला टेम्पोत घालून नेलं. महसूल खात्याचे एक साहेब आले होते मोजायला, टेबल टाकून बसलेले. माझा नंबर आला, बोट पुढे केलं, ते म्हणाले शाळेचं नाव काय तुझ्या. मला माहीत नव्हतं. म्हणाले वर्गशिक्षकांचं नाव. तेही नाही. मग त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि पुढच्या पोराला विचारलं. मग त्याच्या पुढच्या. आमची सगळ्यांची बोटं गार आणि सुरकुतलेली होती कारण सकाळी मौन मोडलं म्हणून सगळ्यांनाच हौदात घातलं होतं, टेम्पोत बसताना बोलत होतो आम्ही, बाहेर जायचं म्हणून खूश होतो.

साहेबांनी तिथे काही केलं नाही. शाई लावली, आकडा लिहिला, गेले. बारा दिवसांनी दोन बायका आणि एक पोलीस आला.

मृण्मयी_प
निमूट, लिहिलंस त्याबद्दल आभार. नको वाटलं तर उत्तर देऊ नकोस, पण बाहेर काढल्यावर कसं होतं?

निमूट
वाईट. लोकांना वाटतं सुटलो म्हणजे उड्या मारल्या असतील. मी गाडीत हंबरडा फोडून महाराज महाराज म्हणून रडत होतो, पोलिसाला चावलो. आम्हाला सांगितलेलंच होतं की एक दिवस बाहेरचे लोक येतील आणि तुम्हाला नेतील, तीच परीक्षा. म्हणजे ते आले आणि महाराज खरे ठरले.

सात महिने बालगृहात होतो. तिथे लाडू नव्हते मिळत, खाटेला ढेकूण, मोठी पोरं ताट हिसकायची. भावाला वेगळ्या इमारतीत ठेवला, वय जास्त म्हणून. सगळ्यात वाईट ते होतं, हौदापेक्षा. वर कोणीतरी मुलं राज्यभर पांगवली म्हणून लिहिलंय, ते वाचून थांबलो मी जरा. काढायचंच असेल तर काढा, पण भावंडं तोडू नका एवढं तरी कोणीतरी लिहून ठेवा तुमच्या कायद्यात.

मग मावशीने ताबा घेतला. तिने काय केलं तर काहीच नाही. देव्हाऱ्यात महाराजांचा फोटो मी लावला, तिने काढला नाही. सकाळी नऊपर्यंत बोलायचो नाही, तीही नाही बोलायची. दीड वर्ष ती बाई सकाळचा चहा माझ्यासमोर मुकी बसून प्यायली.

गडहिंग्लजकर
पटपडताळणीला मीही मोजायला होतो, दुसऱ्या तालुक्यात. आमच्याकडे टेम्पो नाही, दोन ट्रॅक्टर आले होते. तेव्हा आम्ही चहा पिताना हसलो होतो की काय काय भरून आणतात बघा. एकालाही वर्गशिक्षकाचं नाव विचारलं नाही मी.

तिखटमीठ
मी वर जे लिहिलं लाटण्याचं वगैरे, ते माझ्या आईबद्दल खरं आहे, मागे घेत नाही. पण निमूटने लिहिलेल्या हौदावर त्याचं काही उत्तर नाही माझ्याकडे.

@निमूट, ते साहेब परत कधी भेटले?

निमूट
नाही. नावही माहीत नाही. चष्मा होता आणि खिशाला शाईचा डाग पडला होता, त्याच शाईचा, तो पुसत होते मधून मधून.

शाई माझ्या बोटावर बरेच दिवस होती. बालगृहात अंघोळीला एक पोरगा म्हणाला तू मतदान केलंस का, मी हो म्हटलं. तिथे गेल्यापासून बोललेला पहिला शब्द.